समुद्राच्या पाण्याला नंबर

बद्रीनाथच्या घरात तीन वर्षं मे महिना चालू होता.

त्याचं झालं असं, की दूध संघानं एका साली गावोगावच्या सोसायट्यांना कॅलेंडरं वाटली. जानेवारीच्या पानावर म्हैस होती, फेब्रुवारीच्या पानावर दुसरी म्हैस, मार्चला संचालक मंडळ, एप्रिलला परत म्हैस. मे महिन्याला छपाईवाल्याकडच्या म्हशी संपल्या असाव्यात. त्यानं रत्नागिरीचा समुद्र छापला. टेकडीवर दीपगृह, खाली माडांची रांग, आणि नजर जाईल तिथपर्यंत निळं पाणी. खाली एक ओळ होती, 'निसर्गरम्य रत्नागिरी आपली वाट पाहत आहे.' ते पान बद्रीनाथची बायको सत्यभामा हिनं जून लागला तरी उलटलं नाही.

"जूनला काय हाय बघायला?" ती म्हणाली. "म्हैसच असंल."

पुढं वर्ष बदललं, मग आणखी एक बदललं, पण भिंतीवर समुद्र तसाच. कॅलेंडर चुकतंय असं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं, कारण बाहेरही पावसावाचून मेच चालू होता. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, युसूफ वडगावहून आत गेलं की तळेवाडी लागते. गावाच्या नावात तळं आहे. बाकी कुठं नाही. एकदाच घोटाळा झाला. बद्रीनाथनं ते कॅलेंडर बघून सोसायटीच्या एका पत्रावर तारीख टाकली, आणि दोन वर्षांपूर्वीचं पत्र तालुक्याच्या सहकार कचेरीत गेलं. तिथं ते 'वेळेत प्राप्त' असा शिक्का मारून घेतलं गेलं.

बद्रीनाथ हा तळेवाडीच्या दूध सोसायटीचा सचिव. निवडणूक नसताना इस्त्रीचा शर्ट घालणारा गावातला एकमेव माणूस. खिशाला पेन, काखेत प्लॅस्टिकची फाईल. लग्नात त्यानं सत्यभामेला एकच शब्द दिला होता, की तुला समुद्र दाखवीन. त्या वेळी समोर मांडव होता, अंगात नवे कपडे होते, माणूस असं बोलून जातो. त्याला बावीस वर्षं झाली. दर वर्षी तो 'पुढल्या साली बघू' म्हणायचा आणि तीही 'बघू' म्हणून घागर घेऊन टँकरच्या रांगेला जायची.

औंदा मात्र एका सकाळी ती कॅलेंडरासमोर उभी राहून म्हणाली, "अवो, चित्राचा कोपरा फाटला बघा. मी बघायच्या आदी समुद्र फाटायचा."

हे ती चिडून म्हणाली असती तर बद्रीनाथला उत्तर देता आलं असतं. ती हळहळून म्हणाली. त्यामुळं तो फाईल काखेत मारून थेट सोसायटीत गेला आणि अभ्यास दौऱ्याचा ठराव लिहायला बसला.

सहकारात सगळ्याला अभ्यास दौरा म्हणतात. माणसं महाबळेश्वरला जाऊन गारठ्याचा अभ्यास करतात. सोसायटीच्या नियमात शिक्षण निधी म्हणून कलम होतंच, ते आजवर कुणी उघडून बघितलं नव्हतं एवढंच. आणि दुष्काळामुळं दूध इतकं घटलं होतं, की मोठ्या कॅनमध्ये ते ओतलं की आवाज यायचा आणि नंतर त्या आवाजाचा पडसाद यायचा. सगळ्यांना वेळच वेळ होता.

"समुद्र?" चेअरमन अर्जुनराव म्हणाले. "कावून? तिथं म्हशी हायेत का?"

"आसतील की, चेअरमनसाहेब. माणसं तिथंबी चहा पितेतच."

अर्जुनरावांना हे पटलं. त्यांनी लगेच नवा गॉगल आणला.

ठराव घेऊन बद्रीनाथ तालुक्याला गेला. तिथं हेडक्लार्क राधाकिशन बसत. हा माणूस कुणाचंही काम अडवत नसे, फक्त ते पूर्ण वाचत असे. ठराव वाचून त्यांनी चष्मा काढला.

"विषय काय लिवलाय? 'समुद्र पाहणे'. ह्याचा दुधाशी संबंध?"

बद्रीनाथ परत गेला. दुसऱ्या खेपेला विषय होता, 'किनारपट्टीवरील दुधाळ जनावरांचे पाणी व्यवस्थापन'. राधाकिशन खूश झाले. पण त्यांनी दुसरं पान वाचलं.

"टंचाईग्रस्त गावानं पाण्याच्या ठिकाणी जाऊ नये, असा नियम न्हाई," ते विचार करत म्हणाले. "पर जावं, असाबी न्हाई."

"मंग?"

"मंग अहवालासोबत पाण्याचा नमुना जोडा. म्हंजे तुमी गेलता म्हणून पुरावा ऱ्हाईल."

तिसऱ्या खेपेला त्यांनी सभासदांची यादी वाचली, आणि इथं तळेवाडीनं दहा वर्षांपूर्वी केलेली एक हुशारी गावाच्या अंगावर आली. त्या काळी महिलांच्या नावावर म्हैस घेतली तर सवलत जास्त होती. मग गावातल्या यच्चयावत म्हशी बायकांच्या नावावर झाल्या, त्यांच्याबरोबर सभासदत्वंही झाली, आणि पुरुष मंडळी ही गोष्ट विसरून गेली. अर्जुनरावही चेअरमन नव्हते. कागदावर चेअरमन होत्या त्यांच्या मातोश्री, छबुबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

"सभासदच जातील," राधाकिशन म्हणाले आणि शिक्का मारला. "आन् एक पगारी सेवक. म्हंजे तुमी."

गावात हा निरोप पोचला तेव्हा पारावर बसलेली पुरुष मंडळी एकेक करून घरी गेली. अर्जुनरावांनी गॉगल काढून आईच्या हातात दिला. छबुबाईंनी तो लावून बघितला आणि म्हणाल्या, "अर्जुना, संध्याकाळचं दूध मोजून घे. पाणी घालू नको. घालायला हायबी कुठं म्हणा."

मग सल्ले सुरू झाले. समुद्र गावात कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळं माहिती सगळ्यांनाच होती. शेजारची मनकर्णा स्वतः दौऱ्यात होती, तरी तिनं सत्यभामेला सांगितलं, की समुद्रात एका वेळी एकच पाय घालायचा, दोन घातले की तो ओळखतो. शेळ्या राखणारा म्हाळू पाच लिटरचा कॅन घेऊन आला.

"सचिव, तिथलं पाणी खारं आसतंय म्हनं. शेरडांना मिठाचे खडे इकत आणावे लागतेत. कॅन भरून आना."

"म्हाळू, मी अभ्यासाला चाललोय."

"मंग अभ्यास करून भरा."

गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांत एकट्या आश्रुबानं समुद्र बघितला होता. आश्रुबा म्हणजे गावाला पाणी देणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर. दर चौथ्या दिवशी तो वेशीवर आला की दोन लांब आणि एक आखूड असा हॉर्न वाजवायचा, आणि त्या हॉर्नला तळेवाडीत ताटावरची माणसंसुद्धा उठायची. मेव्हण्याची बारा-तेरा माणसांची ट्रॅव्हलर गाडी घेऊन दौऱ्याला तोच येणार होता.

"एकच ध्येनात ठिवा, सचिव," तो म्हणाला. "समुद्राकडं पाठ करून उभं ऱ्हाऊ नका."

"कावून?"

"मी ऱ्हायलतो. चप्पल गेली."

बद्रीनाथनं हे अडाणीपणाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

निघायच्या दिवशी गाडी सकाळी सहाला येणार होती. पण त्याच दिवशी टँकरची पाळी होती, आणि घरात पाणी भरल्याशिवाय तळेवाडीची बाई स्वर्गातसुद्धा जाणार नाही. मग असं ठरलं, की आश्रुबानं आधी टँकरची खेप आणायची आणि मग समुद्राची खेप करायची. टँकर आला साडेअकराला. उशीर का, तर भरण्याच्या ठिकाणी वहीवर सही करणारा माणूस दाढीला गेला होता. तोवर बद्रीनाथ इस्त्रीच्या शर्टात उन्हात उभा, आणि त्याचं सगळं लक्ष रांगेतल्या सत्यभामेकडं. त्यांचं घर गावाच्या टोकाला असल्यामुळं तिचा नंबर बावीस वर्षांत कधी चौदाच्या आत आला नव्हता. टँकर तेराव्याला संपतो की काय, आणि आपला शब्द चौदाव्यावर अडकतो की काय, या काळजीनं तो एकेक घागर बोटांवर मोजत होता. तिच्या चौदाव्या नंबराला पाइप सोनारानं सोनं तोलावं तसा थेंब-थेंब टिपकायला लागला. ती टिपकणारी धार सत्यभामेनं सावकाश घागर भरून घेतली, घरात नेऊन ठेवली, नवं लुगडं नेसली, आणि एक रिकामी घागर घेऊन गाडीत येऊन बसली.

"ही कशाला?"

"पाण्याकडं चाललोत. रिकाम्या हातानं जावं का?"

बघतो तर अकराही बायांच्या मांडीवर रिकाम्या घागरी. शिवाय परगावच्या पाण्याचा भरवसा नको म्हणून टपावर दोनशे लिटरचा ड्रम, काठोकाठ भरलेला. तो चार टँकरांपासून तांब्या-तांब्यानं साठवला होता. दुष्काळी गाव समुद्राकडं पाणी घेऊन चाललं.

रस्त्यात विशेष काही झालं नाही. घाटात ड्रम हिंदकळून खिडकीशी बसलेल्या छबुबाईंच्या डोक्यावर अभिषेक झाला, त्यांनी गॉगल पुसला आणि थेंब वाया गेले म्हणून रस्ते खात्याला दोन शिव्या दिल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी रत्नागिरीला पोचली. माडाची झाडं, लाल माती, उतरत्या कौलांची घरं, अंगणात भिंतीला टेकून ठेवलेले फणस. हे सगळं इतकं हिरवं होतं की मनकर्णेला संशय आला. "रंग दिलाय जणू," ती म्हणाली.

लॉज टेकडीवर होता. मालक दारातच हात जोडून उभा होता आणि त्याच्या भोवती पुण्या-मुंबईचे प्रवासी टॉवेल खांद्यावर टाकून तावातावानं बोलत होते.

"काय सांगू हो तुम्हाला," मालक बद्रीनाथला म्हणाला. "पाऊस आमच्याकडे असा पडतो की विचारू नका, पण मे आला की विहीर तळाला जाते. आज नळालाही पाणी नाही. टँकर मागवलाय. येईलच."

'टँकर' हा शब्द ऐकताच अकरा बायांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखा भाव आला. छबुबाई पुढं झाल्या.

"कितव्या दिवशी येतो?"

"नाही हो आजी, आजच पहिल्यांदा मागवलाय."

"आस्सं. नवीन हायता तुमी," छबुबाई मायेनं म्हणाल्या. "बसा. घाबरू नका."

मग पुढचा तासभर त्या लॉजचा कारभार तळेवाडी दूध सोसायटीनं चालवला. आश्रुबानं टपावरून ड्रम उतरवला. छबुबाईंनी गॉगल लावून टॉवेलवाल्यांना ओळीत उभं केलं. तोंड धुवायला एक तांब्या, तोंडाचं पाणी पायावर घ्यायचं, पायाचं पाणी झाडाला, ही शिस्त त्यांनी एका बँकेच्या मॅनेजरकडून दोनदा म्हणवून घेतली. शॉवरशिवाय आंघोळच होत नाही म्हणणारा एक गृहस्थ पाऊण तांब्यात न्हाऊन बाहेर आला आणि जग जिंकल्यासारखा सगळ्यांकडं बघायला लागला. बीड जिल्ह्यानं कोकणाला पाणी पुरवल्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदात नाही, म्हणून ती इथं केलेली बरी. मालकानं गहिवरून आंब्यांची पेटी आणून ठेवली. मनकर्णेनं एक आंबा हुंगला, आणि हे गाव रंगवलेलं नाही हे मान्य केलं.

संध्याकाळी सगळे भाट्याच्या किनाऱ्यावर गेले.

सुरूच्या झाडांमागं समुद्र होता. त्याचा आवाज येत होता, पण तो दिसत नव्हता. बद्रीनाथच्या मनात होतं, की आपण सत्यभामेला हळूच पुढं न्यावं, बोटानं दाखवावं, आणि बावीस वर्षांनी म्हणावं, 'हे घे.' त्यानं रस्त्यात हे वाक्य बऱ्याच वेळा म्हणून बघितलं होतं. त्यानं घसा साफ केला. शर्ट नीट केला.

तेवढ्यात मागं आश्रुबाच्या गाडीपुढं कुणीतरी मोटार आडवी लावली, आणि आश्रुबानं सवयीनं हॉर्न दिला. दोन लांब, एक आखूड.

पुढं काय झालं ते कुणीही ठरवून केलं नाही. हॉर्न ऐकताच अकरा बायांनी पदर खोचले, घागरी उचलल्या आणि झाडांतून पाण्याच्या दिशेनं धूम ठोकली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या चेअरमनसुद्धा गॉगलसकट पळाल्या. बद्रीनाथ 'अगं, अगं' म्हणत झाडं ओलांडून पोचला तेव्हा ओल्या वाळूवर घागरींची सरळ रेघ लागली होती आणि प्रत्येक घागरीमागं तिची मालकीण उभी होती. धापा टाकत, समुद्राकडं तोंड करून, पाइप सुटायची वाट बघत.

सगळ्यात पुढं सत्यभामा होती. पहिला नंबर.

"हसू नका," ती लाजून म्हणाली. "पाय आपुआप पळाले. पर आता लागलाय नंबर, तर सोडायचा न्हाई."

आपल्या देशात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो आणि मग चौकशी करतो. सकाळचा बँक मॅनेजर तिथं फिरायला आलाच होता. तो बारावा उभा राहिला. त्याच्या मागं त्याचं कुटुंब. त्यांच्या मागं कोल्हापूरचं एक नवं जोडपं.

"कसली लाईन आहे हो, मावशी?"

"पाण्याची," मनकर्णा म्हणाली.

"बोटीची का?"

"ते म्होरं कळंल. आदी नंबर धरा."

अर्ध्या तासात रांग साठ माणसांवर गेली. भेळवाला आला. त्याच्यामागून फुगेवाला आला. शेवटचा मनुष्य आपल्या पुढच्याला विचारत होता, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि उत्तर परत येईपर्यंत त्यात डॉल्फिन आले होते. रांगेतून वाट काढत मग पोलीस आला.

"कुणाचा कार्यक्रम आहे हा? परवानगी आहे?"

आयुष्यात हा एकच प्रश्न असा होता, ज्याची बद्रीनाथनं पूर्ण तयारी केली होती. तो शांतपणे पुढं आला, पोलिसाकडं तोंड आणि समुद्राकडं पाठ करून उभा राहिला, आणि शिक्क्याचा ठराव काढून दिला. पोलिसानं तो मोठ्यानं वाचला. किनारपट्टीवरील दुधाळ जनावरांचे पाणी व्यवस्थापन.

"जनावरं कुठायत?"

बद्रीनाथ उत्तर शोधत रांगेकडं बघायला लागला. छबुबाईंनी गॉगलवरून त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं घाईनं नजर खाली घेतली.

आणि मागून लाट आली. मोठी नव्हती. पण तळेवाडीच्या सचिवाला गुडघ्यात दुमडायला पुरेशी होती. तो बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या हातात ठराव नव्हता, काखेत फाईल नव्हती, पायात डावी चप्पल नव्हती. इस्त्रीच्या शर्टात एक छोटा खेकडा होता. पोलीस, साठ माणसं आणि भेळवाला यांच्यासमोर हे घडलं. लांबून आश्रुबानं नुसती मान हलवली.

रांग मोडली, आरडाओरडा झाला, घागरी तरंगायला लागल्या, बँक मॅनेजर पोहत एक घागर आणायला गेला. पोलीस सगळ्यांत आधी हसला. मग सगळेच हसायला लागले, आणि खेकडा काढताना बद्रीनाथही हसला.

फक्त सत्यभामा जागची हलली नव्हती. लाट तिच्या पायापर्यंत येऊन तिची घागर आडवी करून, भरून, परत गेली होती. बद्रीनाथ एका चप्पलेनं लंगडत तिच्याजवळ गेला.

"अवो," ती हळू म्हणाली, "पाणी चालत आलं. माझ्याकडं. मी गेले न्हाई, ते आलं."

ठरवलेलं वाक्य बद्रीनाथला आठवेना. तो नुसता शेजारी उभा राहिला. सूर्य खाली चालला होता, दूर दीपगृह दिसत होतं, अगदी पानावरच्यासारखं. फक्त पानावर आवाज नव्हता. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, आणि सत्यभामेनं त्याचा दंड धरला. मनकर्णेचा सल्ला मोडून तिनं दोन्ही पाय पाण्यात घातले होते.

"पिता येत न्हाई म्हणतेत," ती म्हणाली.

"न्हाई येत."

"आसू द्या. आपल्याकडं न्हाई, पर कुठंतरी एवढं हाय. हे बघून बरं वाटलं."

असं म्हणून तिनं समुद्राला हात जोडले. बद्रीनाथनंही जोडले. डावा पाय फार गार पडला होता, पण तक्रार करावी असं त्याला काही वाटेना.

परतल्यावर तो घागरभर पाणी घेऊन तालुक्याला गेला. ठराव समुद्रात जमा झाल्याचं त्यानं खरं खरं सांगितलं. हेडक्लार्क राधाकिशन यांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी दार लोटलं, घागरीत बोट बुडवलं आणि चाखलं. तोंड वाकडं झालं, पण डोळे चमकले. नोकरीची तीस वर्षं झाली होती, आणि समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता.

"बायकोला थोडं नेऊ का?" त्यांनी विचारलं. नंतर कागदावर लिहिलं, 'नमुना प्राप्त. खारट. दौरा यशस्वी.' आणि शिक्का मारला.

म्हाळूच्या शेरडांनी कॅनमधून आणलेलं पाणी एकदा चाटलं आणि त्याच्याकडं असं बघितलं, की तो दोन दिवस त्यांच्यासमोर गेला नाही. छबुबाईंनी गॉगल परत केला नाही. दूध मोजायला आता त्या स्वतः बसतात.

बद्रीनाथ घरी आला तेव्हा सत्यभामा स्टुलावर चढली होती. तिनं कॅलेंडराचा फाटका कोपरा खळीनं चिकटवला, समुद्राकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि पान उलटलं. जूनच्या पानावर म्हैसच होती. मानेपर्यंत डबक्यात बुडालेली, अत्यंत समाधानी.

"अगं, जून लागायला अजून अकरा दिवस हायेत," बद्रीनाथ म्हणाला.

"आसू द्या," स्टुलावरून उतरत ती म्हणाली. "माझा मे बघून झाला."